आक्का, शुक्रवारी हे बोलले

जालना, १२ नोव्हेंबर

पुष्पाआक्का,

साधनाचा नमस्कार. पाठवणाऱ्याचं नाव पाहून तुम्ही पाकीट तसंच चुलीत घालाल, म्हणून मुद्दामच मागच्या बाजूला नाव टाकलं नाही. आता उघडलंच आहे तर वाचून घ्या, मग चुलीत घाला.

तुमचा भाऊ आजारी आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हे दाढी करत होते. हातातला ब्रश पडला आणि पाठोपाठ हे खुर्चीवरून खाली आले. उजवी बाजू गेली. पायात थोडा जीव परत आला आहे, धरून धरून चालतात. वाचा मात्र गेली ती गेलीच. ज्या माणसाचा आवाज बियाण्याच्या गोदामाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचायचा, तो माणूस आता पाणी हवं असलं तर तांब्याकडे बघतो. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हे नशीब समजा. असलं नशीब शत्रूलाही नको, आक्का.

मी फोन केले होते. एकदा पप्पूनं उचलला. म्हणाला, "मामी, तुमचा नंबर दिसला की फोन पालथा ठिव म्हून आईनं सांगून ठिवलंय." तो सरळ आहे, खरं ते बोलला, त्याला रागावू नका. मी पत्रं लिहीन ती तुमच्या नावानं पोस्टातून. त्याला मध्ये घालणार नाही.

सासूबाई गेल्या त्या दिवसाबद्दल मी तुमच्याशी वाद घालायला बसलेली नाही. तुम्ही टेंभुर्णीहून निघालात हा निरोप आला होता. दिवस मावळतो म्हणून भावकीनं थांबू दिलं नाही. तुम्ही कुंभार पिंपळगावात उतरलात तेव्हा माणसं अंघोळी करून परतत होती. उंबऱ्याच्या बाहेरूनच तुम्ही म्हणालात, "माझ्यासाठी घडीभर थांबले न्हाईत. माझं माहेर आईसंगंच जळालं." घोटभर पाणीही न घेता मागं फिरलात, ते आजपर्यंत. तुमचं बरोबर होतं. मला कोणी विचारलं असतं तर मी तेव्हाही तेच म्हटलं असतं, पण सुनांना असलं काही विचारत नाहीत.

सांगायचं ते वेगळंच आहे. आमच्या मस्तगडहून रिक्षानं थोडं गेलं की एक जुनं चर्च लागतं. त्याच्या मागच्या हॉलमध्ये रिटायर झालेल्या माणसांचा वर्ग भरतो. सोमवारी मोबाइल, बुधवारी इंग्रजी, शुक्रवारी गाणं. अंगणवाडीतून सुटले तेव्हापासून मी जाते. घरात बसून सुनेच्या भाकरीला नावं ठेवण्यापेक्षा ते बरं, असं मीनाचंही मत आहे. धर्मबिर्म तिथे कोणी विचारत नाही. कापड दुकानवाले गिरधारीलाल शेठ, दुकान मुलाच्या हाती देऊन मोकळे झालेले, ते सकाळी मंदिरात जातात आणि मग आमच्याबरोबर बाकावर बसून इंग्रजी वाचतात.

गाणं शिकवणाऱ्या साळवे बाई शाळेतून निवृत्त झालेल्या आहेत. त्या म्हणाल्या, "ताई, यांना घेऊन या. पुष्कळांचं बोलणं जातं पण सूर जात नाही. सुराला धरून शब्दसुद्धा येतो कधी कधी." डॉक्टरांना विचारलं, तेही म्हणाले, न्या. म्हणून मी आता यांना शुक्रवारी नेते. हे मागच्या बाकावर बसतात आणि पेटी वाजली की मान हलवतात. एवढंच. पण घरी तेवढंही करत नाहीत.

एकदा येऊन यांना बघून जा. घरात येऊ नका हवं तर, चर्चच्या हॉलमध्ये या. ते काही तुमचं माहेर नाही.

तुमची,
साधना


जालना, २९ नोव्हेंबर

आक्का,

हे बोलले! आज शुक्रवार. वर्गातून आले, चपला काढल्या आणि लिहायला बसले. अजून चहासुद्धा घेतला नाही.

साळवे बाई पेटीवर त्यांच्यातलं एक भजन शिकवत होत्या. त्याचं प्रत्येक कडवं 'येशू' या नावावर येऊन थांबतं. बाईंनी सूर धरून ठेवला, आम्ही सगळे दम घ्यायला थांबलो, आणि मागून आवाज आला, "येसू." घोगरा, गंजलेला, पण यांचाच. आपल्याकडं 'श' कोण म्हणतं, सगळ्याचा 'स'च होतो. मी वळून बघते तर यांनी डावा हात वर केलेला, पंजा पसरलेला, डोळे भरलेले. पुन्हा म्हणाले, "येसू."

साळवे बाईंना पुढचं वाजवता येईना. गिरधारीलाल शेठ उठून नाचायचेच बाकी होते. "भाभीजी, भाईसाब बोल पडे! आता बघा, एक महिन्यात फडाफडा बोलणार." त्यांनी मोबाइलवर शूटिंगही घेतलं. सोमवारच्या वर्गात नुकतंच शिकलेत, मग काय, कशाचंही शूटिंग घेतात.

आता मनातलं लिहिते. पप्पू वाचून दाखवत असेल तर, पप्पू, एवढं सोडून पुढं वाच. आक्का, मला आनंद झाला आणि त्याच दमात अंगाचा तिळपापडही झाला. इतकी वर्षं या माणसाच्या ताटात गरम भाकरी वाढली. दीड महिना यांचं सगळं केलं, आईनं तान्ह्याचं करावं तसं. आणि शब्द आला तो परक्याच्या देवाचा. माझं नाव नाही, पोटच्या शिवाजीचं नाही, शीतल नातीचं नाही, आपल्या खंडोबाचंसुद्धा नाही. रिक्षात मी यांना म्हटलं, "अहो, एवढं तोंड उघडलंत तर माझं नाव घेतलं असतं म्हणजे काय झिजलं असतं?" हे माझ्याकडं बघत राहिले आणि पुन्हा हात वर केला.

तुमच्याबद्दल सासूबाई सांगायच्या ते आठवलं. तुमच्या पाठीवरची लेकरं जगत नव्हती म्हणून हे जन्मले तसे उकिरड्यावर नेऊन ठेवले, आणि तुम्ही, आठ वर्षांच्या, परकराच्या ओच्यात उचलून घरी आणलंत. म्हणून नाव कचरू. येईल त्या पाहुण्याला त्या सांगायच्या, "बाईनं उचललं म्हून जगला." सासूबाई तुम्हाला नेहमी बाईच म्हणायच्या. मी आले तेव्हा तुमचं लग्न होऊन जमाना झाला होता. मला तुम्ही आक्का म्हणूनच माहीत, आणि पत्त्यापुरत्या पुष्पाबाई.

घरात सगळे खूश आहेत. शिवाजीलाही फार आनंद झाला.

या ना आक्का. आता तर बोलायला लागलेत.

साधना


जालना, ९ डिसेंबर

आक्का,

शिवाजीला आनंद झाला असं मागच्या पत्रात लिहिलं, ते खोटं होतं. त्यानं त्या दिवशी जेवणाचं ताट सरकवलं होतं. मला वाटलं, दोन दिवसांत निवळेल, उगीच तुमच्या कानावर कशाला घालायचं.

निवळलं नाही, उलट गावभर झालं. गिरधारीलाल शेठनी ते शूटिंग हौसेनं आपल्या ग्रुपवर टाकलं, "खुशखबर" असं लिहून. तिथून ते कुठं कुठं फिरलं आणि कुंभार पिंपळगावात पोचलं तेव्हा त्यावर लिहिलेलं होतं, कचरूभाऊ बाटले. शूटिंगमध्ये मागं चर्चची खिडकी दिसते, हे हात वर करून येसू म्हणतात, सगळं बराबर दिसतं. मी नाही म्हणू तरी कशी? मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

शेठ घरी येऊन हात जोडून गेले. बिचाऱ्यांचं तोंड एवढंएवढं झालं होतं. "भाभीजी, मैंने तो अच्छे के लिए डाला था." आता त्यांच्यावर रागावून काय होणार.

शिवाजी वाईट नाही. स्टीलच्या कारखान्यात पाळ्या करतो, बापाला अंघोळ घालतो, कधी तोंड वाकडं केलं नाही. पण शीतलचं जमत आलंय. परतूरकडचं घर आहे, चांगली माणसं आहेत. त्यांच्याकडून विचारणा झाली की तुमच्याकडं हे काय ऐकू येऊन राह्यलं. मीना रडून रडून आजारी पडली. शिवाजी मला म्हणाला, "आई, पप्पांना तिथं न्यायचं न्हाई. बिलकुल न्हाई. गाणंच म्हणायचं तर घरी टीव्ही लावून देतो." मी म्हटलं, टीव्ही समोरच्याचा शब्द पूर्ण व्हायची वाट बघत नाही रे. तो म्हणाला, "मंग लेकीचं लगीन मोडू का?" तुम्ही असतात तर बोलला असतात.

रिक्षावाल्याला त्यानं सांगून ठेवलं आहे की आईनं बोलावलं तरी यायचं नाही. गेल्या शुक्रवारी हे सकाळपासून तयार होऊन बसले. एका हातानं स्वतः टोपी घातली. दुपार झाली, चार वाजले, वर्गाची वेळ गेली. मी सांगितलं, आज सुट्टी आहे. त्यांना कळलं मी खोटं बोलते आहे. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि भिंतीकडं तोंड केलं. तेव्हापासून नीट खात नाहीत. घास तोंडात धरून बसतात.

माझ्या हातात काही उरलं नाही म्हणून तुमच्याकडं पदर पसरते. शिवाजी लहानपणी एकट्या तुमच्या डोळ्याला भीत होता. एक फोन त्याला करा. एवढंच म्हणा, "माझ्या भावाला गाऊ द्या." भांडण आमच्याशी ठेवा, जन्मभर ठेवा. यांच्याशी नको. यांच्याजवळ आता एकच शब्द आहे आणि तो शुक्रवारीच येतो.

साधना


जालना, १५ डिसेंबर

आक्का,

तुमचा फोन आला नाही. रोज पोस्टमन दिसला की मी फाटकापर्यंत जाते. तो आता लांबूनच हात हलवतो.

काल साळवे बाई आपणहून घरी आल्या. पेटी एका खांद्याला, गुडघे दुखतात तरी जिना चढून. शिवाजीसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "बाळा, आमच्या देवाचं नाव मी घेणार नाही. मी पाळणा म्हणते. पाळण्याला तर तुझी हरकत नाही ना?" त्यांनी पाळणा म्हटला, आपण बारशाला म्हणतो तसा साधा. हे भिंतीकडं तोंड करून पडलेले. पहिल्या ओळीला हलले नाहीत. दुसऱ्या ओळीला कूस बदलली. बाई संपवून उठल्या, पेटी उचलायला वाकल्या, तशी यांनी डावा हात वर केला आणि म्हणाले, "येसू."

शिवाजी ताडकन उठला. "बघा! नाव घेतलं न्हाई तरी निघालं की न्हाई? भिनलंय ते." मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, तुम्ही चांगल्या आहात. पण उद्यापासून येऊ नका." बाईंनी मान डोलावली. जिन्यात माझा हात धरून म्हणाल्या, "ताई, मला नाही वाटत ते आमच्याच येशूला बोलावतात. देवाला असं कोणी रागावून बोलावत नाही." मला तेव्हा त्यांचाही राग आला. वाटलं, आपल्यावर बालंट नको म्हणून म्हणतात.

त्या गेल्यावर मी यांच्या उशाशी बसले आणि इतक्या वर्षांत बोलले नव्हते असं बोलले. म्हटलं, "साधना म्हणा. सा-ध-ना. नाही जमत? मग शालू म्हणा. माझ्या आईनं ठेवलेलं नाव आहे ते, सोपं आहे, तुमच्याच लोकांनी लग्नात बदललं. शिव्या द्या. काहीही म्हणा, पण ते एक म्हणू नका, नाहीतर तुम्हाला कोंडून मारतील हे लोक आणि मला बघत बसावं लागेल." यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. मग तोच हात वर केला. तोच शब्द. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले.

आता घास तोंडात धरतही नाहीत, तोंडच मिटून घेतात. डॉक्टर म्हणतात नाकातून नळी घालावी लागेल. अशा माणसाला दुसरा झटका लवकर येतो, असंही म्हणाले. शिवाजीनं गावाकडं फोन केला आहे. भावकीतली माणसं येणार, यांना कुंभार पिंपळगावी नेऊन देवळात उभं करणार आणि सगळ्यांदेखत नारळ फोडून घेणार, म्हणजे परतूरकडच्यांची खात्री पटेल. ज्या माणसाला उभं राहायला दोघं लागतात त्याला देवळात उभं करणार!

आक्का, माझा धीर सुटला आहे. मी कुणाकुणाशी भांडू? देवाला हात जोडते तर कोणत्या देवाला जोडायचे तेही कळेना. तुमचा राग मोठा आहे हे मान्य. पण तो पुरवून पुरवून किती दिवस पुरवणार? हे गेले तर तो कोणावर काढाल? माझ्यावर काढा, मी कुठं जात नाही.

तुम्ही वाचता की नाही हेसुद्धा मला माहीत नाही.

साधना


जालना, १९ डिसेंबर

येसूआक्का,

हे नाव आज पहिल्यांदा लिहिते आहे. घडलं ते क्रमानं सांगते, नाहीतर मलाच सुधरायचं नाही.

आज सकाळी भावकी आली. भिवा भावजी आणि त्यांच्यासोबत दोघं. हेच ते भिवा भावजी, यांचे चुलतभाऊ. तुमच्या आईच्या वेळी "दिवस मावळून राह्यला, उचला" असं म्हणणारे. आता वाकलेत, काठी घेतात, पण आवाज तसाच. दारातूनच म्हणाले, "काय रं कचऱ्या, ह्या वयात देव बदलाया निघालास व्हय?"

हे पडल्या पडल्या वळले. भिवा भावजींना बघितलं, ओळखलं. डावा हात वर केला, बोटं अशी उघडझाप केली आणि म्हणाले, "येसू. येसू."

शिवाजी म्हणाला, "बघा काका. हे असं."

भिवा भावजी खाटेजवळ आले. काठी भिंतीला टेकवायला गेले ती घसरून पडली, तीही उचलली नाही. खाटेच्या कडेला बसले आणि यांचा हात धरला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "वहिनी, ह्यो कुणाला हाका मारून राह्यला, तुमाला ठाव न्हाई?"

मी म्हटलं, "सगळ्या गावाला ठावं आहे."

"गावाला काय ठाव हाय! ही आपली येसू. कचऱ्याची भन. टेंभुर्णीला दिली ती. पुष्पी तिला सासरच्यांनी केली, आमच्यात ती येसूच व्हती. आजीचं नाव ठिवल्तं तिला. काकीनं सासूचं नाव कसं घ्यावं? म्हून काकी तिला बाई म्हणायची. आमी पोरंच तेवढी येसू येसू करायचो. आन ह्यो," असं म्हणून त्यांनी यांच्या छातीवर हात ठेवला, "ह्यो तर दिसभर. असाच हात वर करून तिच्या मागं. कडंवर घे म्हून. चालाया येत व्हतं तरी चालायचा न्हाई. तिचं लगीन लागलं, बैलगाडी निघाली, तवा ह्यो गाडीमागं पळाल्ता वढ्यापस्तोर. मोठ्या मान्सांनी धरून आणला आन दटावलं, आता तिला नावानं हाक मारायची न्हाई, आक्का म्हणायचं. तवापून म्हणला न्हाई कधी."

तुमचं लग्न झालं तेव्हा हे सहा वर्षांचे होते. तेवढ्या वयात गिळायला लावलेलं नाव. बाकी सगळे शब्द गेले, आमची सगळ्यांची नावं गेली, आणि तेवढं एक तळाशी राहिलं. साळवे बाईंच्या सुरानं ते वर आलं आणि आम्ही अडाण्यांनी त्याला देव समजून त्याचंच तोंड बांधलं.

मला राग आला आहे आक्का, कोणावर ते नीट सांगता येत नाही. तुमच्या घराण्यातल्या बायकांची नावं एकतर घ्यायची नाहीत नाहीतर बदलायची. मीही कधी यांचं नाव घेतलं नाही, 'अहो' म्हणत आयुष्य काढलं. सासूबाईंनी पोटच्या लेकीचं नाव तोंडातून काढलं नाही. म्हणून या घरात जन्मभर राहून मला माझ्या नणंदेचं नाव माहीत नव्हतं. कोणी एकानं जरी एकदा उच्चारलं असतं, तरी त्या पहिल्या शुक्रवारीच मी रिक्षा थेट टेंभुर्णीला वळवली असती.

भिवा भावजी जाताना दारात थांबले. म्हणाले, "त्या दिवशी ह्यो म्हणत व्हता, थांबा, आक्का वाटंत हाय. चारदा म्हणला. म्या ऐकलं न्हाई. दिवस मावळला आसता तर काय झालं आसतं, वहिनी?" त्यांनी ते तुमच्यासमोर विचारावं.

शिवाजी गच्चीवर जाऊन बसला होता. खाली आला तो डोळे लाल करून. बापाच्या पायाशी बसून म्हणाला, "पप्पा, मला सांगायचं ना." आणि मग स्वतःच्याच बोलण्यावर हुंदका आला त्याला. परतूरकडच्यांना भिवा भावजींनीच फोन लावून झाडलं. उद्या शुक्रवार. शिवाजी स्वतः यांना उचलून हॉलमध्ये नेणार आहे.

आक्का, यांना देव नको आहे, मी नको आहे, कोणी नको आहे. तुम्ही हव्या आहात. कडेवर घ्यायला हव्या आहात. याच्यापुढे मला लिहिता येत नाही.

साधना


जालना, २१ डिसेंबर

आक्का,

हे पत्र पोस्टानं जात नाही. याचा फोटो काढून पप्पूच्या फोनवर पाठवते आहे, आणि परवाच्या पत्राचाही, कारण लिहिलं खरं पण पाकीट टाकायला कोणाला सुचलंच नाही. पप्पूला मध्ये घालणार नाही म्हटलं होतं. आता माझा शब्द मोडते. पप्पू, आईला वाचून दाखव. ती फोन पालथा घालायला लागली तर तिचा हात धर.

काल वर्गाला निघायच्या आधीच दुसरा झटका आला. टोपी घातलेली होती. शिवाजीनं उचललं ते हॉलमध्ये न नेता दवाखान्यात नेलं. आता डोळे मिटून आहेत, छाती वरखाली होते. डॉक्टर म्हणाले, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा. साळवे बाई कालपासून बाहेरच्या बाकावर बसून आहेत. त्यांचा नाताळ तोंडावर आला आहे, चर्चमध्ये शंभर कामं असतील, पण उठत नाहीत. शेठ आणि त्यांची बायको राजकुमारी भाभी डबा आणतात. भिवा भावजी खाली झाडाखाली बसलेत, वर यायला धजत नाहीत.

मी यांच्या कानाशी वाकून पहिल्यांदा यांचं नाव घेतलं. म्हटलं, "कचरू, येसूला बोलावलंय." लाज नाही वाटली. डोळे उघडले नाहीत, पण डावा हात चादरीवरून थोडा उचलला गेला. पूर्ण वर गेला नाही. ओठ हलले. मी फोन तोंडाजवळ धरला आणि आवाज भरून घेतला. आवाज कसा भरायचा आणि कसा पाठवायचा हे सोमवारच्या वर्गात शिकवलं तेव्हा मी हसले होते, म्हटलं, मला कोणाला काय पाठवायचंय! तेच आता या फोटोबरोबर येतंय. नुसता श्वास ऐकू येईल, घरघर ऐकू येईल, ती काढून टाकू नका, शेवटपर्यंत ऐका. शेवटाला आहे.

आणि एक ऐका. यांचं काही झालं तरी तुम्ही आल्याशिवाय यांना कोणी हलवणार नाही. दिवस मावळो नाहीतर उगवो. मी दारात आडवी झोपेन. शिवाजीला सांगितलंय, भावकीला सांगितलंय. या वेळी मला कोणी विचारलेलं नाही, मीच सांगितलंय.

पण तुम्ही त्याच्या आधी या. मेलेल्या माणसासाठी थांबणं काय, कोणीही थांबेल. हे जिवंत आहेत तोवर या. मी पाया पडते, येसूआक्का.

शालू


पप्पूच्या फोनवरून, त्याच दिवशी

मामी, आई बोलून राह्यली तसंच टाकतो.

शालू, समदी पत्रं वाचली व्हती. पयल्यापून. रागानं गप व्हते. आवाज ऐकला. गाडीत बसले हाय, टेंभुर्णी गेली मागं. भिव्याला म्हण वर येऊन बस. आन कचऱ्याच्या कानात सांग, येसू निघाली, हात खाली घिऊ नको. उचलते. म्या येईस्तवर थांब म्हण त्याला.